आमची वाटचाल: आधी सातबारा, मग खड्डा

नर्सरी सुरू केली तेव्हा वाटलं होतं आपण रोपं विकणार. आज दहाएक वर्षांनी बघते तर अर्धा दिवस लोकांचे सातबारे वाचण्यात जातो, आणि खरं सांगायचं तर पैसेही त्यातूनच जास्त येतात.

आम्ही कुडाळ तालुक्यातले. मी, मिस्टर आणि धाकटे दीर असे तिघं. सुरुवात 2016 ची, म्हणजे 1 जुलैला राज्यभर 2 कोटी झाडं लावायची मोहीम झाली तेव्हाची. पुढच्या वर्षी टार्गेट 4 कोटी, मग 13 कोटी, 2019 ला थेट 33 कोटी. शाळा, ग्रामपंचायती, कंपन्यांवाले सगळ्यांना रोपं हवीत आणि सगळ्यांना जूनच्या शेवटच्या आठवड्यातच हवीत. आम्ही पण जोशात, घरामागच्या पडीक जागेत शेडनेट मारलं, बायका लावून पिशव्या भरल्या, जांभूळ, करंज, बहावा, आवळा जे बी मिळेल ते टाकलं. 2019 ला चाळीस हजार रोपं गेली, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी साठ हजार केली, आणि मग आला लॉकडाऊन. एकही टेम्पो हलला नाही. रोप पिशवीत राहिलं की मुळं आत गोल गोल फिरतात आणि असं रोप नंतर जमिनीत लावलं तरी नीट धरत नाही, त्यामुळे निम्मी रोपं आम्ही स्वतःच फेकली. तो पावसाळा दिरांनी गवंड्याच्या हाताखाली काढला, लिहायला लाज नाही वाटत.

पण त्याच्या आधीचा एक फटका जास्त शिकवून गेला. आमच्याकडे काजूची कलमं पण होती, वेंगुर्ला 4 आणि 7 या जातींची, घरीच बांधलेली, चांगली होती. एका ओळखीच्या शेतकऱ्याने दोनशे कलमं नेली, सात बाय सात मीटरवर एका हेक्टरला साधारण तेवढीच बसतात, आणि सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून अनुदानाला आमचं बिल लावलं. बिल परत. कारण आमच्याकडे फळरोपवाटिकेचा परवानाच नव्हता! 1969 पासून राज्यात त्याचा कायदा आहे आणि आम्ही बिनधास्त कलमं विकत होतो. जंगली रोपं विकणं वेगळं आणि फळझाडांची कलमं विकणं वेगळं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. त्याला कलमांचे पैसे परत दिले, कलमं त्याच्याकडेच राहिली, झाडं आता काजू देतायत. पुढे परवाना काढला, मातृवृक्ष, म्हणजे कलमाच्या काड्या ज्यांच्यावरून घेतो ती झाडं, दाखवले, रजिस्टर ठेवलं. तो माणूस अजून भेटला की हसतो, पण तेव्हा हसत नव्हता.

त्या प्रकरणात ती योजना मी पहिल्यांदा नीट वाचली. 2018 ला आली, रोजगार हमीच्या फळबागेत जे बसत नाहीत त्यांच्यासाठी. कोकणात दहा गुंठ्यांपासून दहा हेक्टरपर्यंत, बाकी राज्यात वीस गुंठे ते सहा हेक्टर. पैसे मात्र एकदम नाहीत, तीन वर्षांत मिळतात, 50, 30 आणि 20 टक्के असे, आणि पहिल्या वर्षी 80 टक्के झाडं जगायला हवीत, दुसऱ्या वर्षी 90. लोक अनुदान म्हणजे लावायचे पैसे समजतात, प्रत्यक्षात ते जगवायचे पैसे आहेत. कोकणात पाऊस एवढा की पहिले चार महिने काहीच करावं लागत नाही आणि मग जानेवारी ते मे तेच झाड पाण्यावाचून जातं, आणि एखाद्या रात्री बाजूच्या शेतातला वणवा येतो तो वेगळाच. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला आधी विचारतो, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? उत्तर "बघू" असलं तर मी सरळ सांगते, यंदा नको लावू. मिस्टर म्हणतात तू गिऱ्हाईक पळवतेस. असू दे.

दुसरी गोष्ट म्हणजे घाई. माणसं आधी खड्डे मारून ठेवतात आणि मग योजनेच्या पोर्टलवर अर्ज टाकतात. पूर्वसंमती येण्याआधी लागवड केली की ती योजनेत धरत नाहीत, मग फोन आम्हाला, "वहिनी काहीतरी करा". काही करता येत नाही.

लॉकडाऊननंतर आम्ही उभे राहिलो ते बांबूमुळे. 2017 ला केंद्राने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून जंगलाबाहेरचा बांबू काढला, म्हणजे स्वतःच्या शेतातला बांबू हा आता कायद्याने झाड नाही. आमच्याकडे माणगा जातीचा बांबू पूर्वापार बांधावर असायचाच, भरीव, काटे नाहीत, ट्रक भरून बाहेर जातो. रोपं विकताना आमचं एकच सांगणं, पाच बाय चार मीटरपेक्षा जवळ लावू नका, बेटातून कोवळी काठी काढू नका, तीन वर्षं झालेलीच काढा. जे ऐकतात त्यांची बेटं बघण्यासारखी आहेत. जे नाही ऐकत ते दरावरून भांडतात.

आणि मग झाडतोडीच्या परवानगीची कामं. हे आम्ही ठरवून नाही केलं, एक आजोबा आले. आज वयाची ऐंशी पार, हातात मळकी पिशवी, त्यात सातबारा. स्वतः लावलेला साग, मुलीच्या घराला पैसे हवे होते. म्हणाले, "गे चेडवा, झाडां माझी, परवानगी कित्याक व्हयी?" त्यांना काय सांगणार, 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग आहे, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ सगळे आहेत, मालकीच्या जमिनीत असले तरी परवानगी लागतेच. सातबारा बघितला तर बावीस नावं. निम्मी मुंबईला, दोन वारलेली, वारस लागलेले नाहीत. सातबाऱ्याच्या इतर हक्कात "खाजगी वने" अशी नोंद नव्हती हे नशीब, कारण खाजगी जंगलं सरकारकडे घेणाऱ्या 1975 च्या कायद्याचा शेरा असला की प्रकरण वेगळ्याच वाटेला जातं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर हायकोर्टाची तोडबंदीच आहे, तिथली कामं आम्ही हातातच घेत नाही.

दीड वर्ष लागलं. वारस नोंद, संमतिपत्रं, मोजणी, कारण शेजारी वनखात्याची हद्द, मग वनपाल येऊन झाडं मोजून नंबर घालून गेले, तोड झाली, मग लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, मग वाहतूक पास. एका ऑफिसात फाईल तीन महिने नुसती पडून होती, विचारायला गेलं की "साहेब दौऱ्यावर". आजोबांनी तोवर मुलीला शब्द दिलेला. ट्रक निघाला त्या दिवशी त्यांनी आम्हाला पेढे दिले आणि विचारलं, परत साग लावू काय? मी म्हटलं लावा, पण या वेळी लावल्या लावल्या पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीत, नोंद करा. हे काम आता आम्ही प्रत्येक रोपाच्या ऑर्डरबरोबर फुकट करून देतो, ई-पीक पाहणीत झाडं टाकायची आणि स्क्रीनशॉट गिऱ्हाइकाला पाठवायचा. पाच मिनिटांचं काम, पंधरा वर्षांनी "ही झाडं कुणी लावली" या प्रश्नाला उत्तर असतं.

आता आम्ही सातजण आहोत, चार बायका कलम बांधायला आणि पिशव्यांना, त्यातली एक माझ्यापेक्षा चांगलं मृदुकाष्ठ (कोवळ्या फांदीवरचं) कलम बांधते. मोहिमांच्या ऑर्डरी घेतो, पण ॲडव्हान्स आल्याशिवाय पिशवी भरत नाही.

यंदा घरचंच काम काढलंय. आबांची काजूची बाग, 1990 ला रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबागा झाल्या त्यातली, आता पार थकलीय, खोडकिड्याने बरीच झाडं गेली. ती काढून वेंगुर्ला 7 लावायचं, योजनेत अर्ज करायचा, सगळं तोंडपाठ. फक्त जमीन सामाईक आहे आणि मुंबईच्या काकांचं संमतिपत्र हवं. दोन महिन्यांनी कुरिअरने आलं एकदाचं, उघडून बघितलं तर पहिल्या पानावर सही, दुसऱ्यावर नाही. परत पाठवलंय.