दिवसा थंड, रात्री गरम

आमच्या अकोल्यात मे महिन्यात एसीच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याकडे येण्याआधी दोन-तीन ठिकाणी गॅस भरून आलेल्या असतात. एसी थंड करत नाही म्हटलं की पहिला हात गॅसच्या सिलिंडरकडेच जातो. गॅसचे पैसे लगेच मिळतात, वायर शोधायला दुपार जाते आणि गाडीवाला म्हणतो, "केलं काय तुम्ही?"

ही गाडी टुरिस्ट परमिटची सेडान. शेगावच्या दर्शनाच्या ट्रिपा, नागपूरचं भाडं. मालक स्वतःच चालवतो. दोनदा गॅस भरला, मग कंप्रेसरच, म्हणजे गॅस दाबणारा पंपच, नवा टाकला, तरी तक्रार तीच. "दिवसा बर्फ मारते न भाऊ, रात्रीच नाटकं करते. लाइट लावली की थोड्या वेळानं गरम हवा."

हे तो प्रत्येक मिस्त्रीला सांगत होता. लाइटचा आणि एसीचा काय संबंध, म्हणून सगळ्यांनी ते वाक्य सोडून दिलं होतं. गॅरेजमध्ये गाडी तपासतात दिवसा, लाइट बंद ठेवून. मग सगळं ओके दिसणारच.

मी आधी गॅसचं प्रेशर दाखवणारे गेज लावले. एसी चालू असताना दोन्ही बाजूंचं प्रेशर बरोबर. बंद करून थोडा वेळ थांबल्यावर दोन्ही काटे 130 पीएसआयच्या आसपास येऊन टेकले. चाळिसेक डिग्रीला आर-134ए, म्हणजे एसीतला गॅस, इतकंच दाखवतो. म्हणजे गॅसचा विषय संपला. माझ्याकडच्या पोराने तोवर स्कॅनर लावला होता. "दादा, कोड नाही. क्लच ऑन दाखवतो." हल्लीच्या पोरांचा स्कॅनरवर फार विश्वास. हा क्लच गिअरचा नाही, एसीचा. कॉइलमध्ये करंट आला की ती चुंबक होऊन प्लेट पुलीवर ओढते, तेव्हा इंजिन कंप्रेसर फिरवतं. अरे, ईसीयूने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने, रिलेला, म्हणजे करंट सोडणाऱ्या स्विचला, हुकूम दिला एवढंच त्याला ठाऊक. पुढे क्लचची प्लेट ओढली गेली की नाही, हे त्याला कुठून कळणार?

बोनेट उघडं ठेवून हेडलाइट लावल्या. उजवी पांढरी, डावी पिवळट. "बल्ब दोनदा बदलला," मालक म्हणाला. तेव्हाच माझं निम्मं काम झालं होतं.

क्लच फिरत होता आणि लाइट लावल्यावरही फिरतच राहिला. इथेच लोक फसतात. प्लेट एकदा पुलीला चिकटली की मधली फट उरत नाही, कमी करंटवरही ती धरून राहते. पण इव्हॅपोरेटर, म्हणजे आतली हवा थंड करणारी जाळी, गार झाला, थर्मिस्टरने, म्हणजे तिथल्या तापमानाच्या सेन्सरने, कट-ऑफ दिला, प्लेट सुटली, की तिला फटीपलीकडून परत ओढायला खरा जोर लागतो. तो कट-ऑफ आला, क्लच सुटला आणि परत ओढलाच नाही. रिले टिक करून गप्प. हेडलाइट बंद केली, तर खट्‌कन बसला. मालक शेजारी उभा होता. म्हणाला, "पाहा, मी काय सांगत होतो!"

आता मीटर. आधीच्या मिस्त्रीनेही मीटर लावला होता, असं मालकानं सांगितलं. क्लचचा प्लग काढून, सुट्या प्लगवर. तिथे पूर्ण बॅटरीचा आकडा येणारच, कारण करंट वाहतच नाही. एका तारेवर लटकलेली वायरही सुट्या प्लगवर 12 व्होल्ट दाखवते. त्यावरून त्याने ठरवलं, करंट येतोय, म्हणजे कंप्रेसर गेला. लोड चालू ठेवूनच मोजावं लागतं. मी प्लग जागेवर ठेवला, मागून पिन घातली, इंजिन चालू. बॅटरीवर 13.9. कॉइलवर लाइट बंद असताना 12.1, लाइट लावल्यावर 9.6. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन क्लचच्या अर्थ वायरवर, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरवर. लाइट बंद, 1.5. लाइट चालू, 3.9. तिथे 0.2 च्या वर काही दिसायला नको.

या गाडीत क्लचचा आणि डाव्या हेडलाइटचा अर्थ एकाच बोल्टवर, डाव्या लाइटच्या खाली. वॉशरची बाटली काढल्यावर दिसला. लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीच्या, खाली बॉडीचा रंग, छान चकचकीत. वायरचं इन्सुलेशन उष्णतेने कडक झालेलं. हिवाळ्यात गाडी डाव्या बाजूने ठोकली होती, डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. पेंटरने रंग मारला आणि त्याच रंगावर लग आवळून टाकला, बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढा. रंगाचं काम मात्र सुरेख होतं, जोड शोधून सापडला नाही. पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकला, वरून व्हॅसलिन. लाइट चालू ठेवून परत मोजलं, 0.08. डावी लाइटही पांढरी झाली.

पण डोक्यातून जात नाही तो नवा कंप्रेसर. तो बसवल्यावर दोन-तीन आठवडे रात्रीसुद्धा एसी मस्त चालला होता, असं मालकच म्हणतो. आणि ते पटतं. क्लच झिजला की फट वाढते, मग ओढायला करंट जास्त लागतो. नव्याची फट मी फिलर गेजने मोजली, अर्धा मिलिमीटर. एवढ्या फटीला साडेनऊ व्होल्टही पुरले असणार. मग ऊन वाढलं. तांब्याची कॉइल शंभर डिग्रीला गेली की तिचा रेझिस्टन्स जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढतो आणि करंट साधारण चौथ्या हिश्श्याने उतरतो. रंगावरचा तो जोडही तापून आणखी बिघडत गेला असेल. म्हणजे चुकीच्या दुरुस्तीने गाडी खरोखर बरी केली होती, काही दिवस.

मालकाला हे समजावलं, तर तो एकदम म्हणाला, "म्हंजे जुना कंप्रेसर चांगला होता?" मी तो पाहिलेला नाही. क्लच झिजला असेल, पंप धड असेल, असं म्हणता येतं, पण लिहून कसं देणार? बिलावर दोन्ही रीडिंग लिहिली, आधी 3.9, नंतर 0.08, आणि सांगितलं, हे घेऊन कंप्रेसर बसवणाऱ्या मिस्त्रीकडे जा.

तो गेला. संध्याकाळी त्या मिस्त्रीचा मला फोन, आवाज चढलेला. आमची जुनी ओळख, माझ्याकडे कामं पाठवतो. मी त्याला सुट्या प्लगवरच्या मीटरचं सांगितलं. ते त्याने ऐकूनच घेतलं नाही. "ते सोड. मी बसवला तेव्हा एसी चालत होता का नव्हता, एवढं सांग."

चालत होता, म्हणालो.