मशीनची सुई बदलताना: चपटी बाजू कुठे आणि का

टाका सुटायला लागला की बहुतेकांचा हात आधी टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्यांकडे जातो. तिथे थोडं आवळून बघायचं, मग बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, बारीक स्क्रू फिरवायचा, मग शटल (त्या डबीभोवतीचा, टोक असलेला फिरता भाग) उघडून तेल सोडायचं. तासाभराने मशीन होती त्यापेक्षा जास्त बिघडलेली असते आणि खरा दोष असतो मशीनच्या सगळ्यात स्वस्त भागात, म्हणजे सुईत. क्रम उलटा ठेवावा. आधी सुई बदला, मग दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, आणि तरीही टाका नीट येत नसेल तरच टेन्शनला हात लावा.

नवी सुई बसवण्याआधी ती एकदा उजेडात नीट पाहून घ्या. वरचा जाड भाग, म्हणजे सुईचं बूड, एका बाजूने गोल आणि एका बाजूने चपटं असतं. गोल बाजूकडून खाली नेढ्यापर्यंत एक लांब खाच उतरते. नख फिरवलं तर लगेच लागते. चपट्या बाजूला अशी लांब खाच नसते. त्याऐवजी नेढ्याच्या किंचित वर एक लहानसा खळगा कोरलेला असतो. मशीनचा टाका पडतो तो या खाचेच्या आणि खळग्याच्या जोरावर.

सुई कापडात शिरताना दोरा लांब खाचेत बसून खाली जातो, म्हणून तो कापडावर घासत नाही. सुई अगदी तळाला जाऊन साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर उचलली जाते, तेव्हा खाचेच्या बाजूचा दोरा सुईबरोबर वर येतो. खळग्याच्या बाजूचा दोरा मात्र कापडात अडकून मागे राहतो आणि तिथे छोटासा फुगा, म्हणजे फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक खळग्यातून पुढे जातं, तो फास उचलतं आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवून आणतं. शटलचं टोक आणि सुई यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं किंवा त्याहून कमी असतं. सुई अर्धा मिलिमीटर खाली राहिली, थोडी वाकली किंवा किंचित तिरकी फिरली, तरी शटलच्या टोकाला फास सापडत नाही. यालाच आपण टाका सुटणं म्हणतो.

यातून निघणारा नियम एकच आहे: चपटी बाजू शटलच्या टोकाकडे आणि लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा तिकडे. काळ्या पारंपरिक मशीनमध्ये बॉबिन केस डावीकडून, सरकती प्लेट बाजूला करून घालतात. अशा मशीनवर चपटी बाजू उजवीकडे, म्हणजे मशीनच्या अंगाकडे येते आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवला जातो. झिगझॅग, काज वगैरे करणाऱ्या नव्या घरगुती मशीनमध्ये बॉबिन पुढून किंवा वरून बसतं. तिथे चपटी बाजू मागे, खाच आपल्याकडे, आणि दोरा पुढून मागे. जुनी मशीन हाताला आली, पुस्तिका नाही आणि आधीची सुईही बसवलेली नाही, असं असेल तर सरकती प्लेट उघडा, एक सुई अंदाजाने लावा आणि चाक हळू फिरवून शटलचं टोक सुईच्या कोणत्या अंगाने जातंय ते बघा. ज्या अंगाने जातंय, तिकडे चपटी बाजू.

सुई उलटी बसली तर टाका पडतच नाही, किंवा एखाद-दुसरा पडून दोरा तुटतो. वर्षभर बंद ठेवलेली मशीन दुरुस्तीला नेण्याआधी हे एकदा तपासावंच.

आता प्रत्यक्ष बदलताना. विजेवरची मशीन असेल तर नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा. पायाखालच्या पॅडलवर चुकून पाय पडला आणि बोट सुईखाली असलं तर काय होतं ते सांगायला नको. पायावरची मशीन असेल तर पाय पायटीवरून काढून घ्या. चाक नेहमी आपल्याकडे फिरवून सुई सगळ्यात वर आणा. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली सोडा आणि प्लेटवर कागदाचा किंवा कापडाचा तुकडा ठेवा. प्लेटमधलं सुई जाण्याचं भोक लहान दिसत असलं, तरी निसटलेली सुई नेमकी त्यातूनच आत जाते आणि मग प्लेट उघडून शोधत बसावं लागतं.

एका हाताने जुनी सुई धरून ठेवा, दुसऱ्या हाताने स्क्रू सैल करा. अर्धा ते एक फेरा पुरतो. स्क्रू पूर्ण काढला तर त्याच्यासोबत सुई धरणारा लहान तुकडा आणि दोऱ्याची तार खाली पडू शकते, आणि ती परत बसवताना कोणती बाजू वर होती हे आठवत नाही. जुनी सुई सरळ खाली ओढून काढा. नवी सुई चपटी बाजू योग्य दिशेला ठेवून वर सरकवा, ती थांबेपर्यंत. बहुतेक चुका इथेच होतात. सुई थोडी वर गेली की वाटतं बसली. प्रत्यक्षात आत कचरा किंवा स्क्रूचं टोक आडवं आलेलं असतं. स्क्रू थोडा आणखी सैल करून सुई पुन्हा वर ढकला. काही मशीनच्या सुईच्या दांड्याला छोटी खिडकी असते, त्यातून सुईचं वरचं टोक दिसतं. ते दिसलं की काळजी मिटली. सुई वर दाबून धरूनच स्क्रू आवळा. बोटांनी आवळून झाल्यावर मशीनबरोबर आलेल्या लहान स्क्रूड्रायव्हरने किंचित अजून. जोर लावू नका. या स्क्रूचे आटे बारीक असतात, ते झिजले की नवी सुईही शिवता शिवता निसटू लागते.

दोरा ओवण्याआधी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. कुठे खट् आवाज आला, घासल्यासारखं वाटलं, तर तिथेच थांबा. सुई प्लेटला किंवा शटलला लागते आहे. ती पूर्ण वर नाही, किंवा बॉबिन केस नीट खटका होऊन बसलेली नाही. बॉबिन केसचं बोट खाचेत न बसता मशीन चालवली की सुई तुटतेच, नवी असली तरी.

सुईचं बूड आतच अडकून तुटलं असेल तर पकडीने ओरबाडू नका. स्क्रू पूर्ण काढून (खाली कापड पसरूनच) चिमट्याने किंवा बारीक नाकाच्या पकडीने सरळ खाली ओढा. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे एका कागदावर मांडा आणि जोडून बघा. टोकाचा तुकडा सापडला नाही, तर तो शटलच्या घरात किंवा दातऱ्यांच्या (कापड पुढे सरकवणाऱ्या दातेरी पट्ट्यांच्या) खाली असू शकतो. लोहचुंबक फिरवा. तो तुकडा तसाच राहिला तर शटलच्या टोकाला खाच पडते आणि मग दोरा वरचेवर तुटत राहतो, सुई कितीही बदलली तरी.

दुकानात नुसतं 'मशीनची सुई द्या' म्हटलं की बहुधा १४ किंवा १६ नंबर हातात येतो. पाकिटावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९०/१४. पहिला आकडा सुईची जाडी सांगतो, शंभरने भागा: ९० म्हणजे ०.९० मिमी. दुसरा जुना नंबर, जो आपल्याकडे बोलण्यात रूढ आहे. घरगुती मशीनच्या सुईच्या जातीला युरोपात १३०/७०५ एच, जपानी पाकिटांवर एचए×१ आणि अमेरिकी पद्धतीत १५×१ म्हणतात. तिन्ही एकच. कारखान्यातल्या पॉवर मशीनची डीबी×१ सुई मात्र वेगळी. तिचं बूड पूर्ण गोल असतं, बारीक असतं आणि तिची लांबीही कमी. ती घरगुती मशीनमध्ये बसते, स्क्रूही आवळला जातो, म्हणून फसगत होते. सुईला चपटी बाजू नाही असं दिसलं की ती परत करा.

नंबर निवडताना कापडापेक्षा कापडाचे थर मोजा. शिफॉन, जॉर्जेट, ऑर्गंझा, पातळ सिल्क यांना ९ किंवा ११. रुबियाचा ब्लाउज, पोपलीन, लहान मुलांचे सुती कपडे यांना ११ ते १४. अस्तर लावलेला ब्लाउज, त्यात मुंढ्याशी पाच-सहा थर एकत्र येतात, तिथे १४, कधी १६. शाळेच्या गणवेशाचं जाड कापड, पडदे, जीन्स यांना १६. जुन्या साड्यांचे थर लावून मशीनवर गोधडी टाचायची असेल तर १६ किंवा १८. जाड सुई पातळ कापडावर चालवली तर भोकं राहतात आणि शिवण गोळा होते. पातळ सुई जाड कापडावर वाकते, आणि वाकली की प्लेटला आपटते. दोरा सुईला जमतो का हे पाहायला सोपा उपाय आहे. साधारण वीतभर दोरा सुईत ओवा, दोन्ही टोकं धरून तिरका ताणा आणि सुई वर सरकवून सोडा. ती सहज घसरत खाली आली तर नंबर बरोबर. अडकत आली तर एक नंबर जाड सुई घ्या.

टी-शर्टचं होजिअरी कापड, लेगिंग, लायक्रा यांच्यावर साध्या सुईने टाके सुटतात, कारण टोकदार सुई विणीचा धागा कापते किंवा कापड ताणलं जाऊन फास नीट तयार होत नाही. तिथे गोलसर टोकाची, बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई लागते. सिंगरच्या पाकिटावर २०२० हा क्रमांक साध्या, न ताणणाऱ्या कापडासाठी आणि २०४५ हा ताणणाऱ्या कापडासाठी असतो. श्मेट्झ या कंपनीच्या सुईच्या बुडावर रंगाचे पट्टे असतात: वरचा पट्टा प्रकाराचा (स्ट्रेचला पिवळा, जीन्सला निळा), खालचा जाडीचा. जाडीच्या पट्ट्यात नारिंगी म्हणजे ८० आणि निळा म्हणजे ९०. थोडक्यात, एकच निळा रंग दोन अर्थांनी येतो, म्हणून पट्टा वरचा की खालचा हे पाहिल्याशिवाय ठरवू नका. सुया पाकिटाबाहेर काढून एका डबीत मिसळून ठेवल्या, तर पट्टे नसलेल्या सुयांचा नंबर भिंगाशिवाय कळत नाही. तो बुडाच्या गोल बाजूवर अगदी बारीक कोरलेला असतो.

सुई कधी बदलायची? ती तुटेपर्यंत वाट पाहणं, हीच सगळ्यात महागाची सवय. साधारण आठ तास शिवण झालं की सुई बदलावी, असा एक ढोबळ हिशोब शिवणकामात सर्वत्र सांगितला जातो. जरीच्या काठावर, जीन्सवर, गमाच्या कॅनव्हासवर काम असेल तर त्याआधीच. सुती कपड्यांवर थोडी जास्त चालली तरी हरकत नाही. कान लावून ठेवा: सुई बोथटली की प्रत्येक टाक्याला कापड फुटल्यासारखा टक् आवाज येतो. पातळ सिल्कवर शिवणीच्या आडवे धागे ओढले गेले, तर टोकाला हुक आलंय. नखावरून सुईचं टोक हलकेच ओढा, ओरखडा पडला तर ती गेली. वाकली आहे का हे पाहायला सुईची चपटी बाजू आरशाच्या काचेवर टेकवा आणि काच आणि दांड्यामधली फट बुडापासून टोकापर्यंत सारखी आहे का ते डोळा खाली नेऊन बघा.

सुया तुटण्याची कारणं बहुधा मशीनमध्ये नसून हातात असतात. कापड मागून ओढणं हे पहिलं. कापड पुढे नेण्याचं काम दातऱ्यांचं आहे. आपण ओढलं की सुई वाकते आणि प्लेटच्या कडेला लागते. जीन्सच्या जाड जोडावर पॅडल न दाबता चाक हाताने फिरवून दोन-चार टाके घ्या. टाचण्यांवरून शिवू नका. आणि झिगझॅग टाका लावताना प्रेशर फूट आणि प्लेट, दोन्हीचं भोक रुंद असल्याची खात्री करा. सुई ज्या भोकाला आपटून तुटली, तिथे बहुधा खरवड राहते. बोट फिरवून खात्री करा आणि बारीक एमरी कागदाने ती गुळगुळीत करा, नाहीतर पुढचा दोरा त्या खरवडीवरच तुटणार.

एकाच बुडाला दोन टोकं असलेल्या जोडसुया, ज्यांनी टी-शर्टच्या खालच्या पट्टीची समांतर शिलाई येते, फक्त पुढून मागे ओवणाऱ्या रुंद भोकाच्या झिगझॅग मशीनवरच चालतात. काळ्या मशीनवर त्या बसवल्या तर दोन टोकं एकापाठोपाठ एक येतात आणि एकच भोक असतं, तेव्हा तो प्रयोग करू नये.

काढलेली बोथट सुई फेकायची कशी, हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. ती तशीच कचऱ्यात टाकली तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसते. औषधाच्या गोळ्यांची झाकणाची प्लास्टिकची रिकामी बाटली मशीनच्या खणात ठेवावी, सुया आणि तुकडे तिच्यात टाकावेत. बाटली भरायला काही वर्षं लागतात. भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून वर 'सुया' असं लिहावं आणि सुक्या कचऱ्यात द्यावी.