हातचा कोणी घ्यायचा?

जुनी गणकयंत्रे जमवण्याचा आणि जमेल तेव्हा ती उघडून दुरुस्त करण्याचा मला छंद आहे, हे कळल्यावर बहुतेकजण पहिला प्रश्न एकच विचारतात: जगातले पहिले गणकयंत्र कोणी केले? नाव सांगितले की लगेच दुसरा येतो. बेरीज तर पहिली-दुसरीतल्या मुलालाही येते, मग ती करणारे भरवशाचे यंत्र घडायला दोनशेहून अधिक वर्षे का लागावीत? पहिल्याचे उत्तर चार ओळींत देता येते. दुसऱ्याचे येत नाही, आणि माझ्या मते विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे. तुम्हीही हेच दोन प्रश्न विचारलेत, म्हणून दोन्हींविषयी लिहिते.

जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे हिब्रू आणि खगोलशास्त्र शिकवणाऱ्या विल्हेल्म शिकार्ड यांनी २० सप्टेंबर १६२३ रोजी खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांना पत्र लिहून, आपण बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र तयार केल्याचे कळवले. पुढच्या वर्षीच्या पत्रात त्यांनी लिहिले की, केप्लर यांच्यासाठी करायला घेतलेले दुसरे यंत्र अर्धवट असतानाच आगीत जळाले. १६३५ मध्ये शिकार्ड प्लेगने गेले. त्यांची पत्रे आणि रेखाचित्रे विसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस पडेपर्यंत पहिलेपणाचा मान फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल यांच्याकडेच होता, आणि पास्कल यांचा जन्मही योगायोगाने १६२३ चाच. म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: आधी शिकार्ड यांनी केले, पण चारचौघांपुढे प्रथम चालवून दाखवले ते पास्कल यांनी.

आता दुसरा प्रश्न. दहा दात्यांचे एक चाक घ्यावे, त्यावर शून्य ते नऊ अंक कोरावेत, चारावर असलेले चाक तीन दाते पुढे फिरवावे, सात दिसतात. एवढे कोणताही घड्याळजी करून देईल. अडचण आठात पाच मिळवताना येते. चाक फिरून तीनावर थांबते, पण त्याच वेळी डावीकडच्या शेजाऱ्याला एक घर पुढे सरकायला कोणीतरी सांगावे लागते. कागदावर आपण ‘तीन लिहिले, हातचा एक’ असे पुटपुटतो आणि पुढे जातो. तो एक आपण खरोखरच हातात, म्हणजे ध्यानात, धरून ठेवलेला असतो. यंत्राला ना हात असतो ना ध्यान. गणकयंत्रांचा इतिहास म्हणून जे काही मी वाचले आणि पाहिले आहे, त्याचा मोठा भाग मला या एकाच हातच्याचा इतिहास वाटतो.

शिकार्ड यांची युक्ती अगदी सरळ होती. प्रत्येक चाकाला एक जादा दाता. चाकाचा फेरा पूर्ण झाला की तो दाता मधल्या चाकामार्फत शेजारच्या चाकाला एक घर ढकलतो. एका हातच्यापुरते हे उत्तम चालते. पण ९९९९९९ मध्ये १ मिळवून पाहा. एककाचे चाक दशकाला ढकलणार, दशक शतकाला, आणि ही सहाही चाके हलवण्याचा सगळा जोर एककाच्या चाकावरच्या बोटाने लावायचा. दाते तुटतील किंवा चाक मध्येच अडकेल. त्यांचे यंत्र सहा अंकांपाशी थांबते, त्यामागे हे कारण असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. सहाव्या घरातूनही हातचा बाहेर पडला तर घंटी वाजायची, आणि ती वाजली की वापरणाऱ्याने आठवण म्हणून बोटात एक पितळी कडे घालायचे. हातचा इतक्या अक्षरशः हातावर घेतल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

पास्कल यांनी १६४२ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, काम सुरू केले ते फ्रान्समधील रुआँ येथे करवसुलीचे हिशेब करणाऱ्या वडिलांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून. ते हिशेब दशमान नव्हते. तेव्हाच्या फ्रेंच चलनात १२ दनिएंचा एक सोल आणि २० सोलांचा एक लिव्ह्र, त्यामुळे हिशेबाच्या यंत्रातली शेवटची दोन चाके बारा आणि वीस घरांची करावी लागली. जोराचा प्रश्न त्यांनी ज्या तऱ्हेने सोडवला, ती पाहून मी आजही थक्क होते. चाक नवाकडे सरकत असताना ते एक वजनदार तरफ हळूहळू उचलत नेते. नवावरून शून्यावर येताच ती तरफ सुटते, स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि शेजारच्या चाकाला एक घर ढकलते. म्हणजे प्रत्येक चाक आपल्या हातच्यासाठी लागणारी शक्ती आधीच साठवून ठेवते, एककाच्या चाकावर कसलाही भार येत नाही, आणि घरे कितीही वाढवली तरी बिघडत नाही. याची किंमतही होती. चाके उलटी फिरवता येत नसत, म्हणून वजाबाकी नवाच्या पूरक संख्येच्या (प्रत्येक अंक नवातून वजा करून येणाऱ्या संख्येच्या) आडवाटेने करावी लागे. शिवाय यंत्राला धक्का बसला तर एखादी तरफ अवेळी पडण्याची भीती असे. नवा हिशेब सुरू करण्यापूर्वी सर्व घरांत नऊ आणायचे आणि एक मिळवायचा, की तरफा ओळीने पडून सगळीकडे शून्य येई. पाटी पुसणे आणि यंत्राची परीक्षा, दोन्ही एकाच कृतीत.

इथे थोडे विषयांतर करते, कारण स्लाइड रूल, म्हणजे गुणाकाराची सरकती पट्टी, या कथेत कुठे बसते असेही विचारले जाते. ती बसत नाही. जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉगॅरिथम (गुणाकाराचे काम बेरजेवर आणणारे आकडे) प्रसिद्ध केले, १६२० च्या सुमारास एडमंड गंटर यांनी ते पट्टीवर आखले, आणि विल्यम ऑट्रेड यांनी अशा दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या. त्या पट्टीवर गुणाकार म्हणजे दोन लांब्यांची बेरीज. लांबीला हातचा नसतो, त्यामुळे बिघडण्यासारखे काही नसते; मात्र डोळ्यांना तीन अंकांपलीकडचे दिसत नाही. पूल बांधायला तेवढे पुरते, खतावणी जुळवायला पुरत नाही. मण्यांच्या अबॅकसवर याच्या उलट. तिथे हातचा असतो, पण तो बोटे घेतात, आणि सरावलेली बोटे किती चपळ असतात हे १२ नोव्हेंबर १९४६ रोजी टोकियोत दिसले: सोरोबान हा जपानी अबॅकस चालवणाऱ्या कारकुनाने विजेच्या गणकयंत्रावर बसलेल्या अमेरिकन सैनिकाला पाचपैकी चार फेऱ्यांत हरवले. यंत्र सरस ठरले ते फक्त गुणाकारात.

गुणाकाराचा ध्यास सतराव्या शतकातले जर्मन गणिती लाइबनिट्स यांचा. कमीअधिक लांबीचे नऊ दाते असलेला त्यांचा दंडगोल इतका सोयीचा होता की, पुढची दोनशेहून अधिक वर्षे तो यंत्रांत वापरला गेला. हातचा मात्र त्यांनाही पुरता वठला नाही. ओळीने अनेक हातचे आले की काही अडकून राहत. यंत्राच्या माथ्यावरच्या पंचकोनी चकत्यांवरून ते ओळखायचे आणि चकती हाताने ढकलून काम पुरे करायचे. त्यांचे हे यंत्र पुढे विस्मृतीत गेले आणि १८७९ मध्ये ग्यॉटिंगेन येथील एका माळ्यावर सापडले. एकामागून एक करून विकता येईल इतके भरवशाचे यंत्र १८२० मध्ये पेटंट घेतलेल्या तोमा द कोल्मार यांचे, पण त्याचे नियमित उत्पादनही १८५० नंतरच मार्गी लागले. दोनशेहून अधिक वर्षांचा हिशेब असा लागतो.

माझ्या टेबलावर आहे ते ओडनर या संशोधकाच्या पद्धतीचे, हँडल फिरवून चालवायचे यंत्र. यात कळ सरकवली की चाकातून तितक्या पिना बाहेर येतात. हँडलचा फेरा पूर्ण करताना हातांना दोन गोष्टी वेगवेगळ्या जाणवतात: आधी सगळे अंक एकदम मिळवले गेल्याचा जड खटका, आणि मग उजवीकडून डावीकडे धावत जाणारी बारीक टकटक. ती टकटक म्हणजे हातचे. एककाचा उरकल्यावर दशकाचा, तो उरकल्यावर शतकाचा. त्यासाठीच्या पिना गोलाकार जिन्यासारख्या मागे-मागे बसवलेल्या असतात. भागाकार करताना वजा करत जायचे; संख्या शून्याखाली गेली की खिडकीत नवांची रांग उभी राहते आणि घंटी वाजते. तिथे उसना घ्यायला कोणी उरलेले नसते, हे सांगणारी ती घंटी. मग हँडल एकदा उलटे फिरवायचे आणि पुढच्या घराकडे सरकायचे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका यंत्राने मला दोन दिवस रडवले. गुणाकार करत त्यांची बेरीज यंत्रातच साठवत जायचे काम होते आणि उत्तर कागदावरच्या पडताळणीशी जुळेना. अखेर एका वयस्क सहकाऱ्यांनी प्रत्येक टप्प्याला नऊचा ताळा (संख्येला नवाने भागून उरणाऱ्या बाकीवरून पडताळणी) घ्यायला लावले. एका टप्प्यावर ताळा बरोबर एकाने चुकला, आणि हातचा हरवला की नेमके तेवढेच चुकते, कारण दहा, शंभर, हजार यांतली कोणतीही संख्या घ्या, नवाने भागून बाकी एकच उरते. त्या यंत्रात उत्तराची तेरा घरे होती, पण सरकता भाग मूळ जागी असताना हातचा पोहोचवण्याची सोय अकराव्या घरापर्यंतच होती. अकराव्या घरात नऊ होते, त्यांचे शून्य झाले, आणि बाराव्या घराला कोणी सांगितलेच नाही. घंटीची कळ झिजलेली असल्यामुळे मलाही कोणी सांगितले नाही.

आधी मिळवा, मग हातचे क्रमाने वाटा, हे तत्त्व इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांच्या रेखाटनांत ओडनर यांच्या कितीतरी आधी आहे. १८४७ ते १८४९ या काळात त्यांनी आखलेले दुसरे डिफरन्स इंजिन, म्हणजे गणिती तक्ते काढणारे यंत्र, लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये प्रत्यक्ष घडवले. ३१ अंकी संख्यांवर चालणाऱ्या त्या यंत्राच्या मागच्या बाजूला हातच्याचे दांडे सर्पिल जिन्यासारखे वर चढत जातात. पण बॅबेज यांना ही वाट पाहणेही सोसवत नव्हते. ॲनालिटिकल इंजिन या त्यांच्या सर्व प्रकारची गणिते करण्यासाठी आखलेल्या यंत्रासाठी त्यांनी असा विचार केला की, ओळीने नऊ बसलेले असतील तर हातचा त्या सगळ्यांतून पलीकडे जाणार हे आधीच ठरलेले असते, मग एकेकाने कशाला निरोप द्यायचा? ती रांग आधीच हेरून सगळ्यांना एकदम हलवावे. आजच्या प्रोसेसरमधले बेरजेचे मंडल याच युक्तीवर वेळ वाचवते. फरक इतकाच की द्विमान पद्धतीत नवाची जागा एक घेतो.

एखादे जुने यंत्र हाती आले की तेल घालण्याआधी मी अजूनही पास्कल यांचीच परीक्षा घेते: सर्व घरांत नऊ, मग त्यात एक. कधी टकटक शेवटपर्यंत जाते, कधी मध्येच एखाद्या घरापाशी थांबते, आणि पेचकस कुठे लावायचा ते तिथेच समजते.