मूतखडा निघाला, पण केस पेपरवरचा 'स्ट्रेस' अडकला

मूतखड्याची कळ ज्याला आली त्यालाच ठाऊक, त्यावर लिहीत नाही. सीटी स्कॅन, 8 एमएमचा खडा, दुर्बिणीने फोडला, स्टेंट (लघवी वाहती राहावी म्हणून आत ठेवतात ती तात्पुरती नळी) टाकला, सगळं सुरळीत. डोकं फिरलं ते डिस्चार्जच्या दिवशी.

झालं काय, ॲडमिट होताना ज्युनिअर डॉक्टरने विचारलं कामाचं टेन्शन आहे का, मी म्हटलं मार्च एन्ड चालू आहे, झोप कुठली, तर त्याने हिस्टरीत ठोकून दिलं 'स्ट्रेस, झोप कमी'. बस्स. फायनल बिल गेल्यावर इन्शुरन्सवाल्यांची क्वेरी, स्ट्रेस कधीपासून, मानसिक आजाराची ट्रीटमेंट घेतली होती का, कागद जोडा. अरे बाबांनो, खडा पोटात होता की डोक्यात? काउंटरवरच्या मॅडमचं एकच, सर रिप्लाय आल्याशिवाय काही होणार नाही. बायको बॅगा भरून बसलेली, स्टेंटमुळे मी सारखा बाथरूमला पळतोय. 2024 पासून नियम आहे, डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत द्यायची आणि उशिरामुळे बिल वाढलं तर ते कंपनीने भरायचं, मी सर्क्युलर मोबाईलवर काढून दाखवलं तर मॅडमनी नुसती मान डोलावली. शेवटी संध्याकाळी मोठे डॉक्टर ओपीडी उरकून आले, लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या की पेशंटला मानसिक आजार नाही, तेव्हा कुठे सुटलो. म्हणून सांगतो, हिस्टरीत काय लिहिलंय ते ॲडमिट होतानाच वाचून घ्या.

डॉक्टरांना विचारलंच, मग टेन्शनचा संबंध आहे की नाही? म्हणाले टेन्शनने थेट खडा होतो असं ठामपणे सांगता येत नाही, पण टेन्शनमध्ये माणूस पाणी प्यायचं विसरतो आणि जेवण सोडून वेफर्स-फरसाण खातो. मीठ वाढलं की लघवीत कॅल्शियम वाढतं, त्यात लघवी घट्ट, मग खडा धरणारच. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे पाणी त्याहून जास्त. दूध मात्र बंद करू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या जेवणातल्या घटकाला, आतड्यातच धरून ठेवतं.

कुळथाचं कढण अख्ख्या सोसायटीने सुचवलं. 5 एमएमच्या आतले खडे बहुतेक आपोआपच पडतात, नाव कुळथाचं होतं.

हो, पॉलिसी नवी असेल तर खड्याला बऱ्याचदा 2 वर्षं वेटिंग असतं, म्हणजे तोवर क्लेम मिळत नाही, आधी बघा. आणि स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, महिनोन् महिने आत राहिला तर त्याच्यावरच खडे धरतात.