तुम्ही विचारलंत म्हणून: लुइजीच्या हिरव्या मिशा

"टाइल एडिटरमध्ये रंग बदलला, सेव्ह केलं, गेम लावला, तर मारिओ होता तसाच लाल. माझं काय चुकतंय?" जुन्या गेममध्ये खुडबुड करायला नुकती सुरुवात केलेलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. मीही एकेकाळी यावर दोन रात्री घालवल्यात, म्हणून नीट सांगते.

वायवाय-सीएचआरसारख्या टाइल एडिटरमध्ये (गेममधली चित्रं बदलायच्या प्रोग्राममध्ये) चित्राशेजारी जे रंग दिसतात, ते एडिटरचे स्वतःचे असतात. आपल्याला आकार ओळखू यावा म्हणून त्याने ते भरलेले असतात. रॉमच्या (म्हणजे कॅसेटमधल्या गेमच्या फाइलच्या) ज्या भागात चित्रं असतात, तिथे रंग नसतोच. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर (जपानमध्ये १९८३ साली आलेलं यंत्र) एक टाइल म्हणजे आठ बाय आठ ठिपके आणि सोळा बाइट. हिशोब केलात तर एका ठिपक्याच्या वाट्याला दोन बिट येतात, म्हणजे शून्य, एक, दोन किंवा तीन. लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकात चित्रावर आकडे छापलेले असतात आणि कुठल्या आकड्याला कुठला रंग ते पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं, तसंच. इथे पानाचा तळ म्हणजे पॅलेट, आणि तो चित्रांपासून दूर, प्रोग्रामच्या भागात असतो. स्प्राइटसाठी, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या पात्रांसाठी आणि वस्तूंसाठी, अशा चार पॅलेट. प्रत्येकीत शून्य म्हणजे पारदर्शक, त्यामुळे खरे रंग तीनच.

तीन! मारिओची टोपी, डंगरी, चेहरा, हात, केस, मिशा, शर्ट, बूट, सगळं तीन रंगांत उरकायचं.

आता माझी गोष्ट. आमच्याकडे फॅमिकॉमची नक्कल होती, त्यावर पिवळी कॅसेट. मी धाकटी, म्हणून दुसरा पॅड कायम माझा, म्हणजे मी कायम लुइजी, मारिओचा भाऊ. सुपर मारिओमध्ये दोघं एकदम खेळत नाहीत, आळीपाळीने खेळतात. त्यामुळे मी दादा मरायची वाट बघत बसायचे आणि तेवढ्या वेळात लुइजीचा विचार करायचे. मोठेपणी इम्युलेटरवर (जुनं यंत्र संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर) चित्र मोठं करून पाहिलं, तेव्हा कळलं की माझ्या हिरोचे केस आणि मिशा हिरव्या आहेत. मी ठरवलं, हे दुरुस्त करायचं.

हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) रॉम उघडली की मारिओची पॅलेट अशी दिसते: २२, १६, २७, १८. (आकडे हेक्समधले आहेत, म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीतले. यांत ए-बी-सी कुठे आलं नाही, हे आपलं नशीब.) २२ हा शून्याच्या जागचा, आकाशाचा निळा, १६ टोपी-डंगरीचा लाल, २७ कातडीचा रंग आणि १८ तो शेवाळी तपकिरी. शर्ट १८चा, केस १८चे, मिशाही १८च्या. त्याला लागूनच लुइजी: २२, ३०, २७, १९. पांढरी डंगरी आणि हिरवा शर्ट. शर्टाचा आणि केसांचा आकडा एकच, म्हणून केस हिरवे. त्यापुढे फूल खाल्लेला मारिओ: २२, ३७, २७, १६. शर्ट लाल झाला की केसही लाल. लहानपणी आम्ही दोघांनी हे शेकडो वेळा बघितलं असेल, पण एकदाही लक्षात आलं नाही.

मी १९च्या जागी १८ टाकलं. मिशा तपकिरी झाल्या, शर्टही तपकिरी झाला. पांढऱ्या डंगरीतला तो माणूस लुइजी सोडून कुणीही वाटत होता. मग म्हटलं, शर्टाचे ठिपके तेवढे वेगळ्या आकड्याने रंगवू. पण दोघा भावांची चित्रं एकच आहेत. लुइजीचा शर्ट हलवला की मारिओचाही हलतो.

इथेच खरी मेख आहे. एका रंगाला हात लावण्याआधी त्या रंगावर आणखी कोण कोण जगतंय ते बघावं लागतं. लाल कासवाची पॅलेट आणि मोठं करणाऱ्या मश्रूमची पॅलेट एकच. मी कासव निळं केलं, तर मश्रूमही निळा झाला, आणि माझा भाचा तो विषारी समजून उडी मारून पुढे गेला. हिरवं कासव आणि जास्तीचा जीव देणारा मश्रूम हेही असेच भागीदार. दोन्ही मश्रूमचं चित्र मात्र एकच, फरक फक्त पॅलेटचा. ढग आणि झुडूप एकाच चित्राचे, हे तर आता सगळ्यांनाच माहीत आहे. तारा मिळाला की मारिओ लखलखतो ना? त्यात नवं चित्र काहीच नाही. चारही स्प्राइट-पॅलेट त्याला आळीपाळीने नेसवतात, म्हणजे मध्येच तो कासवाच्या कपड्यांत पळत असतो. तेव्हा कासवाचा रंग बदललात, तर ताऱ्याचा लखलखाटही बदलणार.

मला सगळ्यात आवडतो तो प्रश्नचिन्हाचा ठोकळा. तो लुकलुकतो, पण त्याच्या चित्राचा एक ठिपकाही हलत नाही. पॅलेटमधला एकच आकडा फिरत राहतो: २७, २७, २७, १७, ०७, १७. यातच रंगांच्या क्रमांकाची रीतही दिसते. पहिला अंक उजेडाचा, दुसरा छटेचा. सात जागेवर राहतो आणि नारिंगी मंद होत तपकिरी होतो. सावली हवी असेल तर पहिला अंक उतरवा, रंग आपोआप जुळतो. असे एकूण ६४ खण आहेत, पण काळ्याचीच पुनरावृत्ती बरीच असल्याने वेगळे ओळखू येणारे रंग ५४च्या आसपास. काळा हवा असेल तर ०एफ घ्या. ०डी घेऊ नका, तो काळ्याच्याही खाली उतरतो आणि काही टीव्हींचं चित्र बिघडवतो.

आणि हो, "अचूक रंग कुठला?" हेही विचारू नका. ते यंत्र लाल-हिरवा-निळा असं काही मोजत नाही, सरळ टीव्हीचा सिग्नल तयार करतं. प्रत्येक इम्युलेटर आपापल्या अंदाजाने त्याचे रंग करतो. २२चं आकाश एका इम्युलेटरवर निळं दिसतं, तर दुसऱ्यावर जांभळट. म्हणून मी दोन-तीन ठिकाणी बघितल्याशिवाय रंग पक्का करत नाही.

लुइजीचं शेवटी जमलं. ३०, २७, १९च्या जागी १९, २७, १८. टोपी-डंगरी हिरवी, शर्ट आणि मिशा तपकिरी. आयपीएस पॅच (रॉममधले फक्त बदल साठवणारी छोटी फाइल) केला तो सोळा बाइटचा: 'पॅच' या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं, तीन बाइट पत्ता, दोन बाइट लांबी, माझे तीन बाइट आणि शेवटी फाइल संपल्याची खूण, 'ईओएफ' ही तीन अक्षरं. एका टाइलएवढा. कुणाला द्यायचा तर हा पॅचच द्यावा, रॉम देऊ नये, ती आपली नाही.

दिवाळीत दादा आला तेव्हा मोठ्या कौतुकाने त्याला दाखवलं. त्याने पहिला पॅड घेतला, यथावकाश मेला, आणि पडद्यावर माझा माणूस आला.

"हा कोण?"

"लुइजी."

"काहीतरीच काय? लुइजी पांढरा असतो."

आता मी दोन प्रती ठेवते. दादा आला की जुनी लावते.