चार पाती गवती चहा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी, गवती चहाची एक भलीमोठी कुंडी आहे. कुंडीवर पाटी आहे: ‘गवती चहा खासगी आहे. सर्दी झालेल्यांनी चार पाती कापून न्यावीत. सर्दी न झालेल्यांनी मंडईत जावे.’ कात्री सुतळीनं कुंडीलाच बांधलेली. पाटी तळमजल्यावरच्या काकांची आणि त्यांची खिडकी बरोबर कुंडीवर उघडते. त्यामुळे कात्रीला हात लावण्याआधी एक शिंक द्यायची, अशी आमच्याकडे रीत पडली आहे.

गेल्या जुलैत मला शिंक आणावी लागली नाही. पुण्याचा तो भुरभुर पाऊस! रेनकोट काढायचा की नाही हे झेड ब्रिजवर ठरेपर्यंत माणूस भिजलेला असतो. संध्याकाळी नाक वाहू लागलं, रात्री चोंदलं, सकाळी घसा बसला.

“रेनकोट डिकीत ठेवून भिजलास,” आई म्हणाली.

मी बसक्या आवाजात तिला समजावलं की पडसं पावसानं होत नाही, विषाणूंनी होतं. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत. इंग्लंडात सॅलिस्बरीला १९४६ पासून चाळीसेक वर्षं सर्दीच्या संशोधनासाठी एक अख्खं केंद्र चालायचं. तिथं हौसेनं आलेल्या लोकांना अंघोळ घालून ओल्या अंगानं वाऱ्यात उभं करून पाहिलं, तरी नुसत्या गारठ्यानं काही त्यांना सर्दी झाली नाही.

“साहेबाला सवय असते गारठ्याची,” असं म्हणून आईनं पातेलं गॅसवर ठेवलं.

आईचा काढा म्हणजे गवती चहा, ठेचलेलं आलं, तुळशीची पानं, दोन मिरी, एक लवंग, दालचिनीचा तुकडा आणि गूळ. दोन कप पाण्याचा एक कप होईस्तोवर ते उकळत ठेवायचं. आयुर्वेदात काढा अष्टमांशापर्यंत आटवायला सांगितलाय म्हणे. आमच्याकडे गॅसच्या सिलिंडरचा विचार करून अर्ध्यावर भागवतात. घरभर वास सुटतो. तो आपल्या नाकाला लागत नाही, हेच सर्दीचं मोठं दुःख.

या सगळ्यात मला नवल वाटतं ते आपल्या भाषेचं. ‘सुंठेवाचून खोकला गेला’ ही म्हण ज्यानं कुणी पाडली, त्याच्या घरात नक्कीच प्रयोग झाला असणार. एका जावेच्या पोराला सुंठ दिली, दुसरीच्या पोराला द्यायची राहून गेली आणि दोघांचा खोकला एकाच दिवशी गेला. इतका स्पष्ट निष्कर्ष हाती असूनही आपण केलं काय? म्हण ठेवून घेतली, ती नकोशा साहेबाची परस्पर बदली झाली की वापरायला काढली, आणि खोकला आला की सुंठ उगाळणं चालूच ठेवलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पडसं आपल्या पायांनी आठ-दहा दिवसांत जाणार. मधले दिवस कसे काढायचे एवढाच खरा प्रश्न असतो.

दुसऱ्या दिवशी सितोपलादि चूर्ण निघालं. याचं प्रमाण मला लहानपणापासून आवडतं: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १. दर वेळी निम्मं. म्हणजे एकूण ३१ भागांत १६ भाग नुसती खडीसाखर! मुलं डबी चोरून का चाटतात ते कळायला वैद्य नको. आई ते मधात कालवून देते. मधानं खोकल्याची ढास थोडी कमी होते, हे डॉक्टरही मान्य करतात. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी अमृतधारा. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल आणायचं. तिन्ही कोरडी. एका बाटलीत घालून बूच लावलं की थोड्या वेळात आपोआप त्यांचं पाणी होतं. हा खेळ मी पन्नाशीतही टक लावून बघतो. रुमालावर दोन थेंब टाकून हुंगलं की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. ‘सारखं’ महत्त्वाचं. पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल. ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना फसवतं, चोंदलेलं नाक तसंच राहतं. पण मध्यरात्री अडीच वाजता मला फसवून घ्यायला काही हरकत नसते.

गंमत पडशापर्यंतच. रुमाल हुंगताना मला २००९ चा ऑगस्ट आठवतोच. ३ ऑगस्टला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि ज्याच्या त्याच्या रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. मीही बांधली होती. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था याच गावात, घशातले नमुने तिथं तपासले जात होते, आणि आम्ही रस्त्यानं कापूर हुंगत चाललो होतो. भीतीला काहीतरी हातात धरायला लागतं.

तेव्हापासून आईनं पडसं आणि फ्लू यांची खाती वेगळी केली. एकदम चढलेला ताप, ठेचून काढल्यासारखं अंग, लागणारा दम, यांतलं काही दिसलं की पातेलं बाजूला आणि डॉक्टरांचा फोन पुढे. विषाणू रूप बदलतो म्हणून दर वर्षी नवी लस येते, ती पावसाळ्याच्या तोंडावर टोचून घेते. घरी आल्यावर वरून अर्धा कप काढा घेते. “सुई अंगी लागावी म्हणून,” म्हणते.

आठव्या दिवशी माझं नाक उघडलं. मिठाच्या गुळण्या, चादरीच्या तंबूत घेतलेली वाफ, हळदीचं दूध, सगळं बंद झालं. आईनं पातेलं घासून फडताळात ठेवलं. संध्याकाळचे सहा वाजले आणि मला काही सुचेना. सवय लागली होती त्या तिखटगोड कपाची.

खाली गेलो. इकडंतिकडं पाहिलं. कात्री उचलली आणि खिडकीकडं तोंड करून एक शिंक दिली. बरी वठली असं मला वाटलं.

आतून आवाज आला, “आठ दिवस झाले. आता मंडई.”