बोलोन्यातले पाच दिवस : कॉन्फरन्स, ओळखी आणि पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं

ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या बोलोन्याला जाऊन आले. विद्यापीठांची स्वायत्तता आणि शिकवण्या-संशोधनाचं स्वातंत्र्य या विषयावरची तीन दिवसांची छोटी कॉन्फरन्स होती, शंभरेक माणसं, पुण्याहून मी एकटीच. आल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं व्हिसा कसा केला, राहिलात कुठे, आणि आमच्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं की मॅडम एवढे पदरचे पैसे घालून नेमकं मिळतं काय, पेपर तर ऑनलाइन पण वाचता येतो. मुख्यतः त्याच्यासाठी लिहितेय, पण आधी व्यवहाराचं उरकते.

शेंगेन व्हिसाची (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) फी ९० युरो, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा पेपर सिलेक्ट झाल्याची मेल आली की लगेच हालचाल करा. आयोजकांकडून पत्र मागवताना चार गोष्टी लिहून घ्या : पासपोर्टवर आहे तसंच नाव, तारखा, पेपरचं शीर्षक, आणि राहण्याचा-प्रवासाचा खर्च कोण करणार. एनओसीसाठी, म्हणजे आपल्या संस्थेच्या ना-हरकत पत्रासाठी, मात्र भरपूर वेळ हाताशी ठेवा. माझा कागद तीन आठवडे एका टेबलावर पडून होता, मग विचारणा आली की पेपरचा सारांश आधी पाठवा. मी पाठवला, पण सोबत एक ओळ लिहिली की हा माहितीसाठी पाठवत आहे, मंजुरीसाठी नाही. तुम्हालाही असं विचारलं तर ही ओळ नक्की लिहा, भांडण न करता आपली जागा सांगता येते आणि ती कागदावर राहते.

मुंबईहून दुबईमार्गे गेले. एअरपोर्टवरून मोनोरेल सात-आठ मिनिटांत मुख्य स्टेशनला सोडते, तिकीट अंतराच्या मानाने महाग आहे पण सामान असेल तर घ्याच. स्टेशनच्या भिंतीवरचं एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबवून ठेवलंय, २ ऑगस्ट १९८० ला तिथे बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. मला हे आधी माहीत नव्हतं, बंद पडलंय समजून मी पुढे गेले होते, परतताना मुद्दाम थांबून पाहिलं.

राहण्याचं बुकिंग करण्याआधी त्या आठवड्यात शहरात कुठला मोठा ट्रेड फेअर नाही ना ते बघा, असला तर खोल्यांचे दर आकाशाला भिडतात. मी विद्यापीठाच्या रस्त्याजवळ, व्हिया झांबोनीपासून चालत दहा मिनिटांवर खोली घेतली होती आणि तेच सोयीचं पडलं. छत्री फारशी लागत नाही, शहरभर रस्त्याच्या कडेने पोर्टिको म्हणजे छप्पर असलेले कमानींचे पदपथ आहेत, भर पावसात कोरडं चालता येतं, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या ओळखी मला त्या कमानींखाली चालतानाच झाल्या. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, तोर्तेलिनी या भरलेल्या पास्त्याच्या सारणात मांस असतं, तोर्तेलोनी मागा, ते आकाराने मोठे असतात आणि आत साधारणतः रिकोटा चीज नि पालेभाजी असते, तरी ऑर्डर देताना विचारून घ्याच. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी थोडे पैसे लावतात, ती फसवणूक नाही, तिथली पद्धतच आहे.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी सेशन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना आर्किजिन्नासिओ दाखवायला नेलं, विद्यापीठाची १५६३ ची जुनी इमारत. भिंती आणि छत विद्यार्थ्यांच्या मानचिन्हांनी गच्च भरलेत, हजारोंनी आहेत, कुठून कुठून मुलं शिकायला यायची ते त्यावरून कळतं. तिथे आमच्याबरोबरच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी बाराव्या शतकातल्या एका सनदेची गोष्ट सांगितली, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने दिलेली, ऑथेंटिका हाबिता नावाची. त्या काळी परगावचा विद्यार्थी दिसला की त्याच्या गावच्या कुणा भलत्याच माणसाचं कर्ज याच्याकडून वसूल करायचे, सनदेने ते बंद केलं आणि शिकण्यासाठी प्रवास करणाऱ्याला संरक्षण दिलं. म्हणजे विद्येच्या स्वातंत्र्याची सुरुवात वर्गात नाही, रस्त्यावर झाली, माणूस सुखरूप पोचला पाहिजे इथून. हे ऐकताना मला आपल्याकडचंच आठवत होतं. २०१८ साली दिल्लीत आशियाच्या अभ्यासकांची मोठी कॉन्फरन्स झाली तेव्हा पाकिस्तानी अभ्यासकांना व्हिसा दिला नाही. मार्च २०२२ मध्ये फिलिपो ओसेला, केरळवर तीस वर्षं काम केलेले मानवशास्त्रज्ञ, त्यांना तिरुवनंतपुरमच्या विमानतळावरून परत पाठवलं. चहाच्या वेळी एका इटालियन बाईंनी मला नेमकं हेच विचारलं, का पाठवलं म्हणून. मी सांगितलं की परत पाठवताना कारण त्यांनाही दिलं गेलं नाही, आणि मला याची लाज वाटते. मला वाटतं परदेशात आपल्या देशाबद्दल खरं बोलण्यात कमीपणा काहीच नाही, उलट त्यानंतरच त्या मोकळेपणाने बोलायला लागल्या.

याच बोलोन्यात १८ सप्टेंबर १९८८ ला, विद्यापीठाला ९०० वर्षं झाली म्हणून, ३८८ विद्यापीठप्रमुखांनी माग्ना कार्ता युनिव्हर्सिटाटुम नावाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, राजकीय सत्ता आणि पैशाची सत्ता या दोन्हींपासून अध्यापन-संशोधन स्वतंत्र असलं पाहिजे असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पण त्याच्याही आधीची, १९३१ ची गोष्ट मला जास्त लागली. मुसोलिनीच्या राजवटीने सगळ्या प्राध्यापकांना निष्ठेची शपथ घ्यायला लावली, देशभरात बाराशेच्या वर प्राध्यापक होते, त्यातल्या जेमतेम बारा-पंधरा जणांनी नकार दिला. गणिती व्हितो व्होल्तेरा त्यातले एक, आणि बोलोन्याचे सर्जन बार्तोलो निग्रिझोली दुसरे, त्यांनी खुर्ची सोडली पण शपथ घेतली नाही. बाकीचे सगळे काही फॅसिस्ट नव्हते हो, घरदार होतं, पोटाची चिंता होती, आणि मुख्य म्हणजे आपण नाही म्हणालो तर शेजारचाही म्हणेल का हे कुणालाच माहीत नव्हतं.

ओळखी कशासाठी करायच्या, याचं माझं उत्तर इथे आहे. पात्रिक झाकी हा बोलोन्यात एमए करणारा इजिप्शियन मुलगा, फेब्रुवारी २०२० मध्ये घरी जायला निघाला आणि कैरोच्या विमानतळावर त्याला पकडलं, २२ महिने कोठडीत काढले. त्याच वर्षी कोविडमुळे इथल्या अभ्यासिकांमध्ये एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवायची होती, तर त्या रिकाम्या खुर्च्यांवर त्याची पुठ्ठ्याची चित्रं बसवली. एक पीएचडीची मुलगी मला सांगत होती की दोन हात लांबवर तो बसलाय आणि आपण परीक्षेची नोट्स काढतोय, त्याला विसरणं शक्यच नव्हतं. शहराने मानद नागरिकत्व दिलं, विद्यापीठाने त्याचं नाव पटावर ठेवलं, जुलै २०२३ मध्ये त्याने इजिप्तमधूनच ऑनलाइन व्हायवा दिला, नंतर तीन वर्षांची शिक्षा झाली, लगेच दुसऱ्या दिवशी माफी मिळाली आणि तो परत आला. नुसत्या ओळखींनी सुटला असं मी म्हणणार नाही, त्यात सरकारं होती, राजकारण होतं. पण त्याच्या बेंचवरची मुलं त्याला नावाने ओळखत होती म्हणून पहिल्या दिवसापासून आरडाओरडा झाला.

तेव्हा तिथे गेलात की मोठ्या नावांच्या मागे धावू नका, त्यांच्याभोवती गर्दी असतेच. जेवणाच्या टेबलावर आपल्याच देशाच्या लोकांत बसू नका. माझ्यासारखी इंग्रजी बोलताना अडखळणारी निम्मी माणसं तिथे होती, कुणी हसत नाही. व्हिजिटिंग कार्डापेक्षा एक छोटी वही ठेवा, माणूस काय म्हणाला ते त्याच रात्री लिहा. आणि फोटो विचारल्याशिवाय अजिबात काढू नका. दुसऱ्या दिवशी जेवताना कुणीतरी ग्रुप फोटोसाठी मोबाइल वर केला तर माझ्या शेजारच्या बाईंनी गळ्यातलं बॅज पटकन उलटं केलं आणि नॅपकिन तोंडाशी धरला. देश सांगत नाही, पण त्यांच्या विद्यापीठातले दोन सहकारी तुरुंगात आहेत आणि या कॉन्फरन्सला आल्याचं त्यांनी घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. मी माझ्या फोनमधले आदल्या दिवशीचे तीन फोटो त्यांच्यासमोर डिलीट केले, रिसायकल बिनमधूनही, मग त्यांनी माझ्या ताटात त्यांच्या ब्रेडचा अर्धा तुकडा ठेवला आणि आम्ही बराच वेळ आपापल्या विद्यार्थ्यांबद्दल बोलत बसलो. परत आल्यावर सोशल मीडियावर टाकतानाही हेच, इतरांची नावं टॅग करू नका.

परतल्यावर आठवडाभरात सगळ्यांना मेल करा, नंतर राहून जातं. मेलमध्ये नुसतं भेटून आनंद झाला असं न लिहिता एखादं काम सुचवा, एकमेकांचे चॅप्टर वाचू, विद्यार्थ्यांसाठी लेक्चर ठेवू, असं काही. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याकडे परदेशी वक्त्यांच्या ऑनलाइन कार्यक्रमांना आधी सरकारी मंजुरी घ्या असा आदेश निघाला होता, देशातल्या विज्ञान अकादम्यांनी मिळून आक्षेप घेतला आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला गेला, तेव्हा विचारणा झाली तर घाबरून लेक्चर रद्द करू नका.

बॅज उलटं करणाऱ्या त्या बाईंची मेल गेल्या आठवड्यात आली, लेक्चर द्यायला तयार आहेत. पुढच्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी आमच्या विभागातल्या एमएच्या मुलांपुढे बोलतील, ऑनलाइन. रेकॉर्डिंग होणार नाही आणि नोटीस बोर्डावर त्यांचं नाव लागणार नाही, असं मी त्यांना लिहून दिलंय.